जुन्या गुलाबाचे स्थलांतर

जुने घर पाडून नवे बांधताना किंवा अंगणात फरशी घालताना अनेक वर्षांचा गुलाब वाटेत येतो. ‘एवढे जुने झाड आता दुसरीकडे जगायचे नाही,’ असे म्हणून ते तोडले जाते. हा समज सर्वस्वी खरा नाही. मात्र हे मी एक झाड गमावून शिकलो. आमच्या दाराशी आईने लावलेला गुलाब बांधकामाच्या घाईत मी भर मे महिन्यात हलविला. कळ्यांनी लगडलेल्या फांद्या छाटण्याचा धीर मला झाला नाही. आठवड्याभरात झाड वाळून गेले.

झाड खणताना कितीही काळजी घेतली तरी पाणी शोषणारी बारीक मुळे मोठ्या संख्येने तुटतात. पानांतून मात्र पाणी उडतच राहते. उरलेली मुळे ही गरज भागवू शकत नाहीत आणि झाड सुकते. म्हणून मुळे घटली की वरचा भारही घटविला पाहिजे. या एका नियमात सारी कृती सामावली आहे.

आपल्याकडे या कामास पावसाळ्यानंतरचा थंडीचा काळ उत्तम. नवा खड्डा आधीच तयार ठेवावा. तो सुमारे 60 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल असावा. तेथे दिवसातून किमान 6 तास ऊन यावे. पूर्वी जेथे गुलाब होता ती जागा टाळावी. काळ्या, चिकण जमिनीत पाणी साचते. तेथे वाफा उंच करावा. खड्ड्यातील मातीत पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. रासायनिक खत घालू नये.

हलविण्याच्या आदल्या दिवशी झाडास भरपूर पाणी द्यावे. वाळलेल्या फांद्या काढून उरलेल्या निम्म्यापर्यंत छाटाव्यात. खोडापासून सुमारे 30 सेंटिमीटर अंतरावर गोलाकार चर खणावा. जाड मुळे ओढून तोडू नयेत, धारदार अवजाराने कापावीत. मातीचा गड्डा गोणपाटात बांधून उचलावा. खोडाला धरून ओढू नये.

लावताना कलमाचा सांधा जमिनीच्या दोन बोटे वर राहील असे पाहावे. माती दाबून लगेच पाणी द्यावे व साधारण पंधरा दिवस सावली करावी. पुढे माती ओलसर राहील इतपतच पाणी द्यावे. सांध्याखालून येणारा फुटवा खुंटाच्या रानगुलाबाचा असतो. तो मुळापासून काढावा. पहिल्या कळ्याही खुडाव्यात.

प्रारंभी पाने गळाली तरी निराश होऊ नये. सालीला नखाने हलकेच खरवडल्यावर आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे. जर्मनीतील हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रललगतचा प्रसिद्ध रानगुलाब मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. पण ढिगाऱ्याखाली त्याची मुळे वाचली आणि त्यांतून पुन्हा कोंब फुटले.

पुढे शाळेच्या आवारातील एक जुना गुलाब हलविण्याची वेळ आली, तेव्हा आम्ही थंडीपर्यंत थांबलो. कळ्यांसह फांद्या छाटताना मुले हळहळली. त्या हंगामात एकही फूल आले नाही. पुढच्या हिवाळ्यात मात्र मुलेच पहिले फूल दाखवायला मला बोलवायला आली. ज्यांच्या घरी बांधकाम निघणार असेल, त्यांनी झाडाचा विचार पाया खणण्यापूर्वी करावा. एका हंगामाची फुले सोडण्याची तयारी असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनी लावलेला गुलाब नव्या अंगणातही आपल्यासोबत येऊ शकतो.