मोटार एकाची, भाग अनेकांचे

रस्त्याने मोटार जाते. तिच्यावर एकाच कारखान्याचे नाव असते. आपल्याला वाटते, सारी मोटार तिथेच झाली असेल. पण तसे नाही. अगदी स्क्रूसुद्धा मोजले तर एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग भरतात. त्यांतले पुष्कळ भाग बाहेरचे लहानमोठे कारखाने करून देतात. मोठा कारखाना ते तपासतो, जोडतो आणि मोटार बाहेर काढतो.

नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे, तळोजे या बाजूला लोखंडाची कामे करणारे पुष्कळ लहान कारखाने आहेत. आपल्या घरची मुले तिथे कामाला जातात. म्हणून हा व्यवहार आपल्यालाही कळला पाहिजे.

पूर्वी असे नव्हते. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत शिवडीला कारखाना काढला. तिथे परदेशातून खोक्यांतून आलेले भाग नुसते जोडत. १९५३ साली सरकारने ठरवले, की ज्याला मोटार करायची त्याने भागही हळूहळू इथेच केले पाहिजेत. ती कंपनी निघून गेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर कंपनी कुर्ल्याला टिकली. भाग इथे होऊ लागले, तसे लहान कारखान्यांना काम मिळू लागले.

हे नाते कसे असते? गावातल्या लोहाराची आठवण करा. तो कुळवाड्याला फाळ ठोकून देई. कुळवाडी खळ्यावर त्याला बलुते घाली. फाळ वेळेवर नाही, तर पेर चुके. बलुते नाही, तर लोहाराची चूल पेटत नसे. इथेही तसेच आहे. मोठा कारखाना नकाशा देतो. लहान कारखानदार नमुना करतो. नमुना पास झाला की भाव ठरतो आणि मालाची मागणी येते. माप केसभर चुकले तरी माल परत!

मोठ्याचेही लहानावाचून अडते बरे का! १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानात आयसिन कंपनीच्या एका कारखान्याला आग लागली. टोयोटा मोटारीच्या ब्रेकचा एक छोटा भाग तिथे होई. टोयोटाजवळ त्याचा साठा थोडाच होता. मोठमोठे कारखाने थांबले. मग इतर कारखाने धावून आले. ज्यांनी तो भाग कधी केला नव्हता, त्यांनीही तो करून दिला. आठवड्याभरात काम पुन्हा चालू झाले.

पण एरवी लहानाची बाजू लंगडी पडते. माल आज जातो आणि पैसे महिनेच्या महिने येत नाहीत. लोखंड रोखीने घ्यावे लागते, कामगारांचा पगारही थांबत नाही. यासाठी २००६ साली कायदा झाला. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ! माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पसंत पडला असे धरतात. दाद मागायला राज्य सरकारची परिषद आहे. मात्र लहान कारखान्याने सरकारदरबारी नोंदणी केलेली हवी.

आणखी एक गोष्ट. सारे काम एकाच गिऱ्हाइकाचे घेऊ नये. प्रीमियरची पद्मिनी मोटार एके काळी मुंबईच्या रस्त्यांची राणी होती. २००० सालच्या सुमारास ती निघायची थांबली. २०२३ साली तिची शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. ज्याचे दुसरे गिऱ्हाईक नसेल, त्याने अशा वेळी काय करावे?

आता तुम्हाला वाचता येते. तुमचा मुलगा माल पोचवून आला की त्याच्या हातचे चलन मागून घ्या. तारीख बघा. नग मोजून लिहिलेत का बघा. घेणाऱ्याची सही आहे का बघा. ४५ दिवस मोजायचे ते या कागदावरूनच. तोंडी शब्द विरतो, लिहिलेला अक्षर राहतो.