रंगाच्या ब्रशाची निगा
दिवाळीपूर्वी दुकानाच्या फळ्या रंगवून झाल्या की ब्रश डब्यात तसाच उभा राहतो व पुढील वर्षी लाकडासारखा कडक निघतो. तेलरंगातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. मग ते टर्पेंटाईनला दाद देत नाही. म्हणून काम संपताच ब्रश टर्पेंटाईनमध्ये खळबळावा, साबणाने धुवावा, जुन्या फणीने विंचरून केस खाली येतील असा टांगावा. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग मात्र वखारीत कदापि ठेवू नये. तो आपोआप पेट घेतो. त्या पाण्यात भिजवून उघड्यावर पसराव्यात.

पुष्कळ ब्रशांचे केस डुकराचे असतात, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? नायलॉनचे ब्रश मिळतात, ते मागून घ्यावेत. घरात जुना केसांचा असल्यास तो जपावा, म्हणजे तसा दुसरा आणावा लागणार नाही.