लिंबू चोळून व्हिटॅमिन सी मुरत नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये व्हिटॅमिन सी सिरम मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, "किती टक्के?" घरी आजी म्हणते, "कशाला पैसं घालवतीस गं? लिंबू चोळ की तोंडाला."

आधी आजीचं लिंबू. ते आंबट असतं सायट्रिक ॲसिडमुळे. व्हिटॅमिन सी शंभर ग्रॅम रसात जेमतेम ४०-५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के. आवळ्यात त्याच्या दसपट, तरी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच. शिवाय लिंबात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांचं उन्हाशी वाकडं. लिंबू लावून चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गेलात, तर फोड येऊ शकतात, मागे काळे डाग राहतात. वांग घालवायला जाऊन नवे डाग पदरात!

आता टक्के. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली डुकरांच्या त्वचेवर ५ ते ३० टक्क्यांची द्रावणं लावून पाहिली. २० टक्क्यांपर्यंत त्वचेतलं सी वाढलं, पुढे उलट घटलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे द्रावणाचा पीएच ३.५ च्या खाली, म्हणजे ते पुरेसं आम्ल, असेल तरच ते नीट आत शिरलं. त्वचेचा सर्वांत वरचा थर स्निग्ध असतो. विद्युतभार असलेला रेणू त्यातून सहसा जात नाही. आम्लता वाढली की हा भार कमी होतो. म्हणून दुकानदाराला टक्क्यांइतकंच पीएचबद्दल विचारावं, पुष्कळ बाटल्यांवर तो छापलेलाच नसतो. 'सौम्य' म्हणून खपणाऱ्या मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटने त्याच प्रयोगात त्वचेतलं सी वाढलं नाही.

दिवसातून चारदा लावायची गरज नाही. त्या प्रयोगात रोज एकदा लावून तीन दिवसांत त्वचा भरली, आणि मुरलेलं सी निम्मं व्हायला साधारण चार दिवस लागले. किंचित चुरचुरणं आम्लामुळे होतं, ते गुण येत असल्याची खूण नव्हे. लाली टिकली तर थांबा. घरी डर्मारोलर फिरवून सिरम खोल जातं खरं, पण त्याच छिद्रांतून जंतू आणि सुगंधी द्रव्यंही जातात. ते काम त्वचारोगतज्ज्ञांकडेच.

राहिला रंग. कोल्हापूरकर पिवळाधमक गूळ दिसला की रंग उजळायला घातलेल्या हायड्रॉस रसायनाची शंका घेतात, काळपट गूळ बिनधास्त उचलतात. सिरमचा हिशेब उलटा. हवा-उजेडाने सी खराब होऊन द्रावण तांबूस-तपकिरी होतं. गडद काचेची लहान बाटली घ्या, बाथरूमच्या खिडकीत ठेवू नका, आणि रंग गुळासारखा झाला की टाकून द्या, कितीही महाग असली तरी.