ताप उतरला म्हणजे मलेरिया गेला, असं नाही

गडचिरोलीच्या जंगलातला हिवताप आपल्या रक्तात नेमकं काय करतो, आणि गोळ्या पूर्ण का घ्यायच्या?

पाऊस सुरू झाला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताप तर उतरला, आता गोळ्या कशाला?" चौदा दिवसांच्या गोळ्यांची पट्टी मग सहाव्या दिवशी फ्रीजवर पडून राहते. दीड-दोन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा दोन-दोन रजया घेऊन कुडकुडत असतो. घरचे म्हणतात, पुन्हा मच्छर चावला असेल. बऱ्याचदा नवा मच्छर चावलेलाच नसतो. जुनाच आजार त्याच्या यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, झोपलेला असतो.

हा आजार म्हणजे मलेरिया, सरकारी भाषेत हिवताप. राज्यात मलेरियाचं नाव निघालं की वर्षानुवर्षे गडचिरोलीचं नाव वरच्या ओळीत असतं. घनदाट जंगल, नाले, धानाच्या बांध्या, बोड्या आणि लांब पावसाळा, म्हणजे डासाला हवं ते सगळं इथे आहे. पण हा फक्त भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरचीच्या पाड्यांवरचा आजार आहे असं समजू नका. आपल्यातले कितीतरी लोक आठवडी बाजारात दुकान लावायला, ट्रक घेऊन, तेंदूपत्त्याच्या किंवा रस्त्याच्या कामावर या भागात जातात. रात्री तिथेच मुक्काम होतो. घरी येताना बाजाराच्या हिशोबासोबत हा पाहुणाही येतो. म्हणून आपल्या अंगात तो काय करतो, हे आपण नीट समजून घेऊ.

आधी आपलं रक्त समजून घेऊ

रक्ताच्या एका बारीक थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, साधारण 45 ते 50 लाख तांबड्या पेशी असतात. त्यांचं काम एकच, फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलायचा आणि अंगभर पोचवायचा. हा ऑक्सिजन धरून ठेवतं ते हिमोग्लोबिन. एक तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. हाडांच्या मगजात नव्या पेशी तयार होत राहतात आणि म्हाताऱ्या झालेल्या पेशी प्लीहा, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूचा तिल्ली नावाचा अवयव, गाळून काढते. निरोगी माणसात हा जमाखर्च बरोबर जुळतो. मलेरिया हा जमाखर्चच बिघडवतो.

डास चावल्यापासून ताप येईपर्यंत

मलेरियाचा जंतू एकाच पेशीचा, साध्या डोळ्यांना न दिसणारा जीव आहे. फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांनी 1880 मध्ये अल्जेरियात तो माणसाच्या रक्तात पाहिला. तो डासात वाढतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 रोजी मिळाला. त्यासाठी त्यांना 1902 चं नोबेल मिळालं.

अ‍ॅनाफिलिस जातीची डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून हे जंतू रक्तात येतात आणि थोड्याच वेळात यकृतात जाऊन लपतात. तिथे आठवडा, दहा दिवस ते गुपचूप वाढतात. एका जंतूचे हजारो होतात. या काळात माणसाला काहीच होत नाही. तो जेवतो, धंदा करतो, नमाजला जातो. त्याला कल्पनाही नसते.

इथेच आपली पहिली चूक होते. ताप येतो तो चावल्यानंतर साधारण 10 ते 15 दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. तोवर आपण चंद्रपूरला, नागपूरला नाहीतर हैदराबादला पोचलेलो असतो आणि तो जंगलातला मुक्काम विसरूनही गेलेलो असतो. डॉक्टरला आपण सांगत नाही, आणि शहरातल्या डॉक्टरला मलेरियाचा संशय येईलच असं नाही. म्हणून ताप घेऊन कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य हे बोला, "मागच्या महिन्यात मी गडचिरोलीकडे जाऊन आलो."

थंडी का वाजते, घाम का येतो?

यकृतातून बाहेर पडलेले जंतू तांबड्या पेशीत शिरतात. आत बसून हिमोग्लोबिन खातात आणि वाढतात. सुमारे 48 तासांनी पेशी भरते आणि फुटते. नवे जंतू बाहेर येतात आणि पुढच्या पेशींत शिरतात. पेशी फुटताना जंतूची घाणही रक्तात सांडते. आपल्या संरक्षक पेशी ती ओळखतात आणि मेंदूला इशारा देणारी रसायनं सोडतात. मेंदूतला तापमान ठरवणारा भाग मग अंगाचा काटा वर सरकवतो, 98.6 वरून 103, 104 वर.

अंग त्या नव्या आकड्यापेक्षा थंड असल्यामुळे आपल्याला हुडहुडी भरते. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. ती थंडी. मग अंग भाजतं. तो ताप. नंतर काटा खाली येतो आणि उष्णता बाहेर टाकायला घाम फुटतो. माणसाला एकदम हलकं वाटतं. जुन्या लोकांना एक दिवसाआड येणारा हा ताप चांगला ठाऊक होता. इब्न सीना यांच्या 'अल-कानून'च्या चौथ्या भागाची सुरुवातच तापांच्या प्रकारांपासून होते. तापाच्या पाळ्या त्यांना दिसत होत्या, त्यामागचा जंतू दिसायला मात्र 1880 उजाडावं लागलं.

आता त्या पहिल्या वाक्याकडे परत येऊ. घाम येऊन ताप उतरला, याचा अर्थ इतकाच की एक खेप फुटून झाली. जंतू पुढच्या पेशींत शिरून बसलेले असतात. पॅरासिटामॉल मेंदूतला तो काटा तेवढा खाली आणतं, जंतूला काही करत नाही. सलाईनने तरतरी येते, पण जंतू त्यानेही मरत नाही. आणि दरवेळी ताप एक दिवसाआडच येईल असंही नाही. सुरुवातीला तो रोजही येतो, दिवसभरही राहतो. "थंडी वाजली नाही, म्हणजे मलेरिया नाही" ही समजूत सोडून द्या.

दोन मलेरिया, दोन वेगळे धोके

आपल्या भागात मुख्यतः दोन प्रकार आढळतात, फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स. रिपोर्टवर पी.एफ. किंवा पी.व्ही. असं लिहिलेलं असतं. ती दोन अक्षरं जरूर वाचा.

फॅल्सिपेरम जास्त घातक. तो लहान-मोठ्या सगळ्या तांबड्या पेशींत शिरतो, त्यामुळे रक्त झपाट्याने कमी होतं. त्याने पकडलेल्या पेशी चिकट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदूत असं झालं की माणूस बरळतो, झटके येतात, बेशुद्ध होतो. हाच मेंदूचा मलेरिया. किडनीत झालं की लघवी कमी होते. हे सगळं एक-दोन दिवसांतही घडू शकतं. गरोदर बाईच्या बाबतीत हा जंतू वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या भागात, साचतो. आईचं रक्त कमी होतं आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाई यांच्या तापात एक रात्रही वाट पाहू नका.

व्हायवॅक्स त्या मानाने कमी घातक, पण चिवट. त्याचे काही जंतू यकृतातच झोपून राहतात. रक्तातले जंतू मारणारं औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते जागे होतात आणि पुन्हा तोच ताप. या झोपलेल्यांना मारायला प्रायमाक्विनच्या गोळ्या असतात, आपल्याकडे साधारणपणे 14 दिवसांच्या. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जातो, पण गोळी झोपलेल्या जंतूसाठी असते. फ्रीजवरची ती अर्धी पट्टी म्हणजे दोन महिन्यांनंतरचा ताप, हे लक्षात ठेवा.

फॅल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिन गटाचं मिश्र औषध 3 दिवस देतात. ते शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. त्यासोबत प्रायमाक्विनचा एक डोसही असतो. तो रुग्णाइतकाच शेजाऱ्यांसाठी असतो. रुग्णाच्या रक्तात राहिलेले जे जंतू डासात जाऊन वाढतात, ते त्याने मरतात. डास तुम्हाला चावून शेजारच्या लेकराला चावला, तरी आजार पुढे जात नाही.

सगळ्यांचं रक्त सारखं नसतं

एकाची उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत. काही लोकांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतः कमी असतो. त्यांच्या पेशी या गोळीने फुटू शकतात. गोळी सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरला दाखवा.

याच पट्ट्यात सिकलसेलही आहे. त्यात हिमोग्लोबिनच्या दोषामुळे पेशी कोयत्यासारखी वाकते. दोष फक्त आई किंवा फक्त बापाकडून आला तर माणूस 'वाहक' असतो. वाहकाला जीवघेण्या फॅल्सिपेरमपासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पण दोन्हीकडून दोष आलेल्या रुग्णाला मात्र मलेरिया फार महागात पडतो. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर प्रत्येक तापात रक्त तपासा. आणि हो, सिकलसेल फक्त आदिवासींना होतो असं म्हणून निकाहाआधीची तपासणी टाळू नका. रक्त जात-जमात विचारत नाही.

तपासणी आता दारात आहे

23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले तेव्हा धड रस्ता नव्हता, वीज नव्हती. मेंदूच्या मलेरियाचे बेशुद्ध रुग्ण खाटेवर टाकून, जंगल तुडवत आणले जात. आज चित्र बदललं आहे. मलेरियाच्या भागात आशाताईकडे किट असतं. बोटाच्या एका थेंबावर 15-20 मिनिटांत निकाल कळतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. देशातून 2030 पर्यंत मलेरिया संपवायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. ते आपल्या घरातल्या अर्ध्या पट्ट्यांवरही अवलंबून आहे.

एक तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिलाच, तर पुन्हा तपासा. कधीकधी पहिल्या थेंबात जंतू सापडत नाही. प्लेटलेट कमी झाल्या म्हणजे डेंग्यूच, असंही नाही. मलेरियातही प्लेटलेट कमी होतात.

दुआ करा, दम केलेलं पाणी पाजा, त्याला कोण नाही म्हणतं? पण त्याआधी रक्त तपासायला द्या. दवाखान्यात जायला उशीर झाला की नुकसान त्या लेकराचंच होतं. रमजानमध्ये ताप आला तरी हेच. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत दीननेच दिली आहे. तापात अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, अशा वेळी जीव ओढून रोजा रेटू नका. डोस मात्र एकही चुकवू नका.

घरात हे पाळा

- ताप आला त्याच दिवशी रक्त तपासा. रिपोर्टवरचा प्रकार विचारून घ्या.
- गोळ्या जेवणानंतर घ्या, पूर्ण घ्या. तारखा कॅलेंडरवर लिहून रोज खूण करा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर दवाखान्यात सांगा.
- बरळणं, झटके, सतत उलट्या, धाप, काळी किंवा कमी लघवी, पिवळे डोळे, बाळाने दूध सोडणं, यापैकी काहीही दिसलं तर थेट मोठा दवाखाना. 108 वर फोन करा.
- हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. बाजाराच्या मुक्कामाला, ट्रकच्या केबिनमध्ये, शेतातल्या मांडवात मच्छरदाणी सोबत ठेवा. सरकारकडून मिळालेली औषधी मच्छरदाणी मासे पकडायला किंवा वाफ्यावर झाकायला वापरू नका.
- हा डास स्वच्छ, संथ पाण्यात अंडी घालतो. टाकी झाका, डबकी बुजवा, बोडीत गप्पी मासे सोडायला ग्रामपंचायतीला सांगा.

जंगलाशी आपलं नातं रोजीरोटीचं आहे, ते तुटणार नाही. अब्बा, भाई बाजार करून परतले की आपण विचारतो, धंदा कसा झाला? या पावसाळ्यात आणखी एक विचारू, "ताप-बिप तर नाही ना?" आणि घरात कुणाची पट्टी अर्धी पडलेली दिसली, तर आजच आशाताईला किंवा डॉक्टरला दाखवून ती कशी पूर्ण करायची ते विचारून घेऊ.