शंभर ओळींची शाळा

पीटर्सबर्गच्या 'ओस्कोल्की' या विनोदी साप्ताहिकाचे संपादक निकोलाय लेयकिन यांची एक अट असे: गोष्ट शंभर ओळींच्या आत आटोपली पाहिजे. १८८२ च्या अखेरीस या शंभर ओळींत लिहू लागलेला एक तरुण तेव्हा मॉस्कोत डॉक्टरकी शिकत होता आणि घर चालवण्यासाठी भराभर गोष्टी लिहून पाठवत होता. त्याचं नाव अन्तोन चेखव.

आज व्हॉट्सअ‍ॅपवर 'अलक' म्हणजे अतिलघुकथा लिहिणारे पुष्कळ आहेत. मोजक्या शब्दांत गोष्ट कशी बसवायची, असं त्यांच्यापैकी कुणी विचारलं तर चेखवची १८८३ सालची 'जाडा आणि बारीक' आधी वाचायला द्यावी. जेमतेम दोन पानांची गोष्ट. रेल्वे स्टेशनवर शाळेतले दोन दोस्त अचानक भेटतात. मिठ्या मारतात, डोळे भरून येतात. बारीक मित्र बायकोची ओळख करून देतो, मुलाला पुढे करतो, जुन्या खोड्या आठवतो. बोलता बोलता कळतं, की जाडा सरकारात फार वरच्या हुद्द्यावर पोचलाय. झालं! बारीक मित्र पांढराफटक पडतो. त्याच्याबरोबर त्याच्या बॅगा आणि बोचकीही आक्रसतात, आणि पोरगा ताठ उभा राहून युनिफॉर्मची सगळी बटणं लावतो. भीती वाटली, लाचारी दाटून आली, असं समजावत बसण्याची गरजच उरत नाही. काम त्या बटणांनी केलंय.

खरी गंमत पुढे आहे. पहिल्यांदा छापली तेव्हा या गोष्टीत जाडा हा बारीक मित्राचा नवा साहेब निघतो. म्हणजे घाबरायला चांगलं कारण होतं. १८८६ मध्ये ती संग्रहात घेताना चेखवनं हे कारणच काढून टाकलं. आता जाड्याचा त्याच्या नोकरीशी काडीचा संबंध नाही, तो त्याचं काही वाकडं करणार नाही. उलट मित्राची ही लाचारी बघून त्यालाच शिसारी येते. तरी हा वाकतोच. आधी ती एका कारकुनाची फजिती होती. कारण गेलं आणि पाठीच्या कण्यात मुरलेली गुलामी उघडी पडली. गोष्टीतून काहीतरी काढल्यावर ती मोठी व्हावी, हा चमत्कारच नाही का?

गाळण्याची ही कला उर्दू कथाकार सआदत हसन मंटोकडेही दिसते; सुरुवातीच्या काळात त्यानं रशियन कथा उर्दूत आणल्या होत्या. फाळणीच्या दंगलींवरचं त्याचं 'सियाह हाशिये' १९४८ मध्ये आलं. त्यातल्या काही गोष्टी दोन-तीन ओळींतच संपतात. त्या मानानं 'करामात' लांबच म्हणायची. लुटीचा माल शोधायला पोलिसांचे छापे सुरू होतात. एकानं साखरेची दोन पोती लुटलेली असतात. रात्री तो एक पोतं विहिरीत ढकलतो. दुसरं टाकताना स्वतःच आत जातो. लोक धावतात, त्याला वर काढतात, पण काही तासांत तो मरतो. दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी गोड लागतं. त्याच रात्री त्याच्या कबरीवर दिवे लागतात.

गोड पाणी आणि दिवे यांच्यामध्ये किती काही घडलं असेल! कुजबुज, अफवा, चोराचा झालेला पीर. यातलं मंटो काहीच लिहीत नाही. साखरेचं गुपित आपल्याला ठाऊक आहे, दिवे लावणाऱ्यांना नाही. एवढ्या एका फरकावर सारी गोष्ट तोलून धरली आहे.

अभ्यास करायचा तो असा. आवडती कथा घ्या आणि तिच्यातलं एकेक कारण कागदाच्या पट्टीनं झाकून पुन्हा वाचा. चेखवच्या गोष्टीतलं साहेबपण झाकलं तर ती वाढते. मंटोच्या गोष्टीतली साखर झाकली तर ती कोसळते. तेव्हा सरसकट कात्री चालवून भागत नाही. हा सराव दहा-पंधरा पानांच्या कथांवर करणं उत्तम, कारण तिथे लेखकानं कारणं ऐसपैस मांडलेली असतात आणि ती एकेक काढून बघता येतात. कुठलं कारण वाचक स्वतः भरून काढेल आणि कुठलं त्याच्या हाती दिलंच पाहिजे, हे एकदा उमगलं, की शंभर ओळीही पुरून उरतात.