पाल : पाठीवर वाहून नेलेले घर

सुगी आटोपून शिवार मोकळे झाले की, मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावांबाहेर माळावर पाले उभी राहतात. पालातील माणसे मीठ-मिरची, दोरी व ताडपत्री आपल्याच दुकानांतून नेतात. मात्र त्यांच्या घराकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

पालाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. दोन मेढी रोवून त्यांच्या बेचक्यांत आडवी काठी ठेवतात. तीवर जुनी लुगडी शिवून केलेले, हल्ली बहुधा ताडपत्रीचे, आच्छादन टाकून ते दोरांनी खुंट्यांना ताणून बांधतात. उंची बेताची असल्याने वाऱ्याचा मार लागत नाही. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती चर खणतात. मुक्काम हलला की सारा संसार गाढवाच्या पाठीवर चढतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासीही फांद्या व झाडाची साल यांचे असेच तात्पुरते निवारे उभारीत. सिडनी परिसरात त्यास ‘गुन्या’ म्हणत.

फिरस्तेपणाची किंमत मात्र जबर ठरली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच कलंक लावला. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला; संशय उरला. पुढे कागदपत्रांची अडचण आली. पारधी ही महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहे. जातप्रमाणपत्रासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. विमुक्त व भटक्या जमातींसाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. ज्यांचे आजोबा पालात राहिले, त्यांनी कोणत्या घराचा उतारा आणावा?

एक वाट मात्र खुली आहे. अधिकृत ओळखपत्र नसलेल्यासही बँकेत ‘छोटे खाते’ उघडता येते. त्यासाठी स्वतःचे छायाचित्र व अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा पुरतो. शिल्लक 50,000 रुपयांपेक्षा, वर्षभरातील जमा एक लाखापेक्षा आणि महिन्यातील रक्कम काढणे 10,000 रुपयांपेक्षा अधिक असू नये. खाते बारा महिने चालते. कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी बारा महिने मिळतात.

नियम असला, तरी बँकेची पायरी चढण्याचे धैर्य अनेकांना होत नाही. वर्षानुवर्षे उधारी चोख फेडणाऱ्या अशा गिऱ्हाइकासोबत त्याच्या दुकानदाराने एकदा बँकेत जावे. त्यास खर्च काही नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.