जुन्या हॅचबॅक आणि वजनाचा न्याय

अमेरिकेतील एससीसीए या संघटनेच्या 'इम्प्रूव्ह्ड टुरिंग' या हौशी शर्यतींत प्रत्येक मॉडेलला चालकासह किमान वजन ठरवून दिलेले असते. आधार असतो कारखान्याने जाहीर केलेल्या अश्वशक्तीचा. मान्य बदलांनी ती किती वाढेल याचा अंदाज बांधून त्या मॉडेलच्या शर्यत-गटाच्या वजन-शक्ती गुणोत्तराने गुणले जाते.

१९८३-८४ ची फोक्सवॅगन रॅबिट जीटीआय ९० अश्वशक्तीची, तर १९८५-८७ ची होंडा सीआरएक्स एसआय ९१ ची. निव्वळ गुणाकाराने दोघींना जवळपास सारखेच वजन मिळेल. पण रॅबिटचे इंजिन १.८ लिटरचे, आठ व्हॉल्व्हचे, होंडाचे १.५ लिटरचे, बारा व्हॉल्व्हचे. मोठे इंजिन वळणातून बाहेर पडताना कमी आरपीएमलाच जोर देते. छोटे मात्र मोकळ्या एक्झॉस्टने अंदाजापेक्षा जास्त शक्ती देऊ शकते, आणि खरी गोची इथेच होते. म्हणून केवळ अश्वशक्ती पाहणे अपुरे. टॉर्क आणि सस्पेन्शनची रचनाही तोलायला हवी. १९८८ पासून सीआरएक्सला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आले. ती गाडी जुन्या सीआरएक्सच्या मापाने तोलणे सरळ अन्यायाचे ठरेल.

शक्तिवाढीचा अंदाज डायनो या शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदींवरून सुधारावा. केवळ शर्यतींच्या निकालांवरून वजन चढवले, तर शिक्षा चांगल्या चालकाला होते.